देव कोण नेणार?

"मालन, देवांचं काय करायचं?"

दिनकरदादानं जिन्याखालून विचारलं तेव्हा मी माळ्यावर वाकून बसले होते. तोंडाला पदर, केसांत जळमटं आणि हातात नळ नसलेला तांब्याचा बंब. सकाळपासून मी एकटीच सामान काढत होते. घरात तीन भाऊ, तीन भावजया, कॉलेजात जाणारी भाचरं. पण माळ्यावर चढायचं म्हटलं की एकाची कंबर धरते, दुसरीला धुळीचं वावडं असतं आणि तिसऱ्याला नेमका तेव्हाच फोन येतो.

"कुठले देव?" मी वरूनच विचारलं.

"कुठले म्हंजे? आपले. देवघरातले."

"त्यांचं काय करायचंय? तू थोरला. देव तुझ्याकडं जाणार."

मग चपला घासत गेल्याचा आवाज आला. बंब घ्यायलासुद्धा दादा थांबला नाही.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाच्या मागच्या अंगाला, दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटावं लागतं अशा गल्लीत आमचं तीन मजली घर होतं. आजोबांनी बांधलेलं आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दर दोन वर्षांनी रंग देऊन टिकवलेलं. घर चांगलं ठणठणीत होतं. कुरकुरत होती ती आतली माणसं. तळमजल्यावर थोरला दिनकरदादा, मधल्या मजल्यावर शामूदादा आणि सगळ्यात वर माझ्याहून धाकटा उदय. तीन बिऱ्हाडांत मिळून नळ एक, जिना एक, पाण्याची मोटार एक. मोटारीचं बटण आज कुणी दाबायचं यावर आमच्याकडं जेवढी बोलणी झाली, तेवढी तिघांच्या लग्नांत मिळून झाली नसतील.

तळमजल्यावरच मागच्या बाजूला देवाची खोली होती. ती माझी. लग्नानंतर दीड वर्षात मी परत आले तेव्हा आबांनी फार काही विचारलं नाही. "देवाच्या खोलीत ऱ्हा," एवढंच म्हणाले. एका भिंतीला देवघर, दुसऱ्या भिंतीला माझी दोन शिलाई मशिनं, मधल्या जागेत रात्री माझी वळकटी. सकाळी देवांची पूजा आणि दुपारी गल्लीतल्या मुलींचा शिवणक्लास, असं बावीस वर्षं चाललं होतं. भावजयांनी पूजा माझ्याकडं कधी सरकवली ते मला कळलं नाही. देवांनीही तक्रार केली नाही.

आबा गेले आणि मग हुक्केरी शेठ आले. त्यांना देवळाजवळ यात्रेकरूंसाठी लॉज बांधायचा होता आणि त्यासाठी आमची जागा हवी होती. मोटारीच्या बटणावर ज्यांचं कधी एकमत झालं नाही, त्या माझ्या तिन्ही भावांचं घर विकण्यावर एका संध्याकाळी एकमत झालं. आठवड्याभरात तिघांनी तीन दिशांना तीन फ्लॅट बघितले. माझंही ठरवून टाकलं.

"चार महिने माझ्याकडं, चार शामूकडं, चार उदयकडं," दादानं बोटं दुमडत सांगितलं होतं. "वर्ष पुरं झालं बघ."

"आणि मशिनं?"

"आता कशाला शिवत बसतीस? तीन भाऊ हायत न्हवं?"

त्या बदल्यात मी हक्कसोडपत्रावर सही करायची होती. वडिलांच्या घरातला माझा हिस्सा भावांना सोडला, असा कागद. आमच्याकडं चांगली बहीण तो कागद वाचत नाही, सही करते आणि भाऊ तिला साडी घेतात. साडी आलीही होती. शेवाळी रंगाची. बावीस वर्षांत मला त्या रंगात कुणी बघितलं नव्हतं, पण दुकानात सूट त्याच रंगावर असणार. सोमवारी अकरा वाजता रजिस्ट्रार कचेरीत जायचं ठरलं होतं.

खरं सांगते, मी सही करणार होते. रात्री दिवा बारीक करताना मशिनांकडं बघून जीव तुटायचा. पण हिश्शासाठी भावांशी भांडलेली एक बहीण आमच्याच गल्लीत होती आणि लोक तिच्याबद्दल काय बोलतात ते मी रोज नळावर ऐकत होते.

एवढं सगळं ठरल्यावर शनिवारी सकाळी शेठजींचा निरोप आला. कागदपत्रं ठीक, भाव ठीक, पण दुसऱ्याचे देव घरात असताना मी त्या घराला कुदळ लावणार नाही. देव हलवा, मग किल्ली घेतो. माणूस व्यवहाराचा पक्का होता तसाच देवाला भिऊनही होता. म्हणून दादा जिन्याखाली येऊन मला विचारत होता.

संध्याकाळी दादाच्या बाहेरच्या खोलीत बैठक बसली. तिघं भाऊ, तिघी भावजया आणि चहाचा ट्रे घेऊन मी.

आमचे देव म्हणजे काही मोठं संस्थान नव्हे. चांदीचे पाच टाक, म्हणजे देवाची मूर्ती उमटवलेले अंगठ्याएवढे पत्रे. एक पितळी अन्नपूर्णा. आणि ज्योतिबाचा पितळी मुखवटा, सोललेल्या नारळाएवढा. एका टोपलीत सगळे मावले असते. अडचण त्यांच्या आकाराची नव्हती, त्यांच्या नेमाची होती. रविवारी नैवेद्य, पौर्णिमेला पुरण, नवरात्रात नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही आणि घराला कुलूप लावायचं नाही. देव ज्याच्याकडं, त्याचं नवरात्र घरात.

"न्यायला माझी ना न्हाई," दादानं सुरुवात केली. "पन आमची सून कामावर जाती. पाळायचं कुणी? हिचे गुडघे तर तुमी बघताय."

लीलावहिनींनी लगेच गुडघ्यांवर हात ठेवले. सकाळी त्या महाद्वार रोडला चालत जाऊन चादरी घेऊन आल्या होत्या, पण ते असो.

"शामू, तू ने मग," दादा म्हणाला.

"नेलं असतं की," शामूदादा म्हणाला. "पन आमच्या फ्लॅटात जिथं देवघर करायचं, त्याच्या बरोब्बर वर वरच्या लोकांचं संडास येतंय. देवाच्या डोक्यावर संडास? मला पाप लागंल दादा."

"दुसऱ्या कोपऱ्यात कर की," मी म्हटलं.

"सगळ्या कोपऱ्यांवर कुणाचं काय काय येतंय. मी बघून आलोय."

मग सगळ्यांनी उदयकडं बघितलं. उदय बँकेत होता, त्यामुळे आमच्या घरात तो कमी बोलायचा आणि त्याची बायको स्मिता जास्त.

"आमची काही हरकत नाही," स्मिता म्हणाली. "पण आम्ही दर नवरात्रात बाहेर जातो, यांना तेवढीच सुट्टी मिळते. आणि कुळाचार थोरल्या घरातच असतो ना? आम्ही धाकट्यांनी तो घेतला तर दादांचा अपमान नाही का होणार?"

"तसला अपमान मी गिळीन," दादा घाईनं म्हणाला.

असं दीड तास चाललं. कुणाचीच हरकत नव्हती आणि प्रत्येकजण हात वर करत होता. शेवटी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मग मी नेते."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"तू?" दादा म्हणाला. "तुझं कूळ वेगळं. लेकीनं माहेरचे देव न्यायचे नसत्यात." आणि मग अगदी सहज म्हणाला, "आणि नेणार कुठं?"

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. मी ट्रे उचलला आणि आत गेले.

कौल लावायची कल्पना शामूदादाची. देवालाच विचारू, तो सांगेल त्याच्याकडं जाईल. सगळ्यांना ते पटलं, कारण देवानं दुसऱ्याचं नाव घेतलं की आपण सुटलो, असा हिशेब प्रत्येकानं मनात केला असणार.

रविवारी सकाळी आठला डोंगरावरून आमचे संभा गुरव आले. ज्योतिबाच्या डोंगरावर आमच्या घरचं बघणारं घराणं त्यांचं, आम्ही त्यांना गुरवमामा म्हणायचो. त्यांनी मुखवटा पाटावर मांडला, गुलाल लावला आणि पांढऱ्या चाफ्याच्या पाकळ्या तांब्यातल्या पाण्यात भिजवून हातात घेतल्या.

"ही कपाळावरची दिनकररावांची. ही उजव्या गालावरची शामरावांची. ही डाव्या गालावरची उदयरावांची." ओल्या पाकळ्या पितळेला टपकन चिकटल्या. "वाळली की सुटती. जी पहिली पडंल, त्याच्या घरी देव निघाला." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या हातात एक पाकळी उरली होती. "ताईंची?"

"लेकीचं फूल कौलात नसतंय मामा," दादा म्हणाला. "तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

मामांनी ती पाकळी परत तांब्यात टाकली.

"तासाभरात निकाल लागंल. पंखा बंद ठेवा. आत कुणी गर्दी करू नका, आणि फुंकर मारायची न्हाई. फुंकर मारली की कौल मोडला," एवढं बजावून मामा मिसळ खायला गेले.

वैशाखाचे दिवस होते. पंखा बंद, माणसं घामानं निथळलेली, आणि सगळे पॅसेजमध्ये बसलेले. देवाच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. मी दारासमोर तांदूळ निवडत होते, त्यामुळे आत कोण गेलं ते मला दिसत होतं.

दहा मिनिटांनी दादा उठला. "जरा नमस्कार करून येतो." उजव्या हाताची मूठ मिटलेली. बाहेर आला तेव्हा मूठ उघडली होती. त्यानंतर पंधरा मिनिटांनी शामूदादा नमस्कार करून आला आणि येताना बोट चोखत होता. मला वाटलं, बोटाला काही लागलं असेल. मग उदय गेला, खिशात हात घालून. उदय देवाला नमस्कार करताना मी त्याच्या बारावीच्या निकालानंतर बघितलंच नव्हतं. तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. देवांना निरोप द्यायचा आहे, तर पोरांना गहिवरून आलं असेल असं वाटलं. मूर्ख मी.

नऊ वाजले, दहा वाजले. पाकळ्या जागच्या जागी. मामा मिसळ खाऊन आले, भिंतीला टेकून एक डुलकी काढली. अकरा वाजले. बाराला लीलावहिनींनी सगळ्यांना पिठलंभात वाढला. दार लोटलेलंच. एक वाजला.

"असं कधी झालं न्हवतं," मामा म्हणाले आणि चष्मा शोधत आत गेले. समईत तेल घालायला म्हणून मी त्यांच्यामागं गेले.

भिंतीच्या फटीतून मुंग्यांची एक रांग निघाली होती. पाटावर चढून ती ज्योतिबाच्या हनुवटीवरून वर गेली होती आणि नाकाशी तिचे दोन भाग झाले होते. एक कपाळाकडं, एक उजव्या गालाकडं. मुंग्या अगदी शिस्तीत कामाला लागल्या होत्या.

मामांनी चष्मा लावला आणि वाकून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. ते दोनदा खाकरले आणि बाहेर जाऊन म्हणाले, "देवाची मर्जी दिसंना. मी येतो." नारळ पिशवीत टाकून ते एवढ्या लगबगीनं गेले की चहालाही थांबले नाहीत.

मी दार लावून घेतलं आणि नखानं एकेक पाकळी काढली. कपाळावरची गुळानं चिकटवली होती. उजव्या गालावरची मधानं. डाव्या गालावरच्या पाकळीला मुंग्या नव्हत्या. ती निघता निघेना, निघाली तेव्हा अर्धी पितळेवरच राहिली. लिफाफे चिकटवायचा डिंक होता तो, बँकेत असतो तसा. मला आधी हसू आलं. तिघा भावांनी एकमेकांना न सांगता एकच चोरी केली होती, आणि तीही देवाच्या तोंडावर. बावीस वर्षं रोज मी त्या मुखवट्याला चिंच लावून घासत होते. ओल्या फडक्यानं मी त्याचं तोंड पुसलं, मुंग्या झटकल्या आणि तिन्ही पाकळ्या रुमालाच्या टोकात बांधल्या.

बाहेर आले तर दादा घसा साफ करत होता.

"देवाचं म्हणणं सरळ हाय," तो म्हणाला. "त्याला सगळीच लेकरं सारखी. म्हणून मी काय म्हणतो, फिरते देव ठेवू. चार महिने माझ्याकडं, चार शामूकडं, चार उदयकडं."

हे शब्द मी आधी ऐकले होते. त्याच क्रमानं, बोटंही तशीच दुमडत.

स्मिताचा चेहरा उजळला. "आणि वन्सं जिथे असतील तिथेच देव! म्हणजे देवांचं करणारं माणूस देवांबरोबरच येईल. कुणालाच जड नाही."

"हे बेस झालं," शामूदादा म्हणाला. "संडासाचं बी मग बघता येईल कायतरी."

"बघ मालन," दादा म्हणाला, "तुझीबी सोय झाली आन देवाचीबी."

माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो खाली ठेवला आणि विचारलं, "सुरुवात कुणाकडनं?"

मग दादा म्हणाला, त्याच्या फ्लॅटचं रंगकाम राहिलंय, आधी शामूकडं. शामूदादा म्हणाला, त्याच्याकडं फरशी बसायची आहे, आधी उदयकडं. उदय पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, त्यांचा ताबाच दिवाळीनंतर आहे, तेव्हा थोरल्यापासून सुरुवात केलेली शोभेल. रंग, फरशी, ताबा, परत रंग. त्यांची अर्धा तास वादावादी झाली.

त्यांना वाटत होतं, मी देवांबद्दल विचारलंय.

सोमवारी सकाळी मी पूजा केली, शेवाळी साडी नेसले आणि भावांबरोबर रिक्षात बसले. रुमालाची गाठ पर्समध्ये होती. रिक्षात दादा खुशीत होता. "साडी शोभती गं तुला," असंही म्हणाला.

रजिस्ट्रार कचेरीत गर्दी होती. आमचा नंबर लागायला साडेबारा झाले. तिथले साहेब वयानं तरुण होते, आवाज मात्र सकाळपासून तीच वाक्यं म्हणून म्हणून थकलेला.

"मालन बाबूराव इंगवले तुम्हीच? कागद वाचलाय? वडिलांच्या मिळकतीतला तुमचा हिस्सा तुम्ही भावांच्या लाभात कायमचा सोडताय. राजीखुशीनं सोडताय ना? कुणाचा दबाव नाही ना?"

मान न उचलताच त्यांनी शिक्का हातात घेतला.

"न्हाई," मी म्हटलं.

"दबाव नाही."

"दबाव न्हाई. सोडत न्हाई."

साहेबांनी मान वर केली. दादानं माझा दंड धरला आणि मला व्हरांड्यात आणलं. मागून शामूदादा आणि उदय. व्हरांड्यात स्टॅम्पवाले, वकील, झेरॉक्सच्या रांगा. सगळ्यांसमोर दादा कुजबुजत ओरडायला लागला.

"काय झालं काय तुला? शेठजी बाहेर गाडीत बसल्यात! काल रातीपतोर बरी होतीस!"

मी पर्स उघडली, रुमाल काढला, गाठ सोडली. पाकळ्या तपकिरी पडल्या होत्या.

"ही कपाळावरची. हिला गूळ होता," मी म्हटलं. "ही उजव्या गालावरची, मध. ही अर्धीच निघाली. डिंक."

दादानं शामूदादाकडं बघितलं. शामूदादानं उदयकडं बघितलं. उदयनं दादाकडं बघितलं. आपण एकट्यानंच देवाला फसवलं, असं तिघांना वाटत होतं. आता तिघांचेही चेहरे बघण्यासारखे झाले होते, पण मला हसायला आलं नाही. मला रडू येत होतं आणि ते दाबायच्या नादात माझा आवाज चढत गेला.

"देव जेवत न्हाई. औषध मागत न्हाई. रात्री खोकत न्हाई, त्याला खोली लागत न्हाई, एक फळी पुरती. त्याला चार महिने ठेवून घ्यायला तुम्हाला एवढं जड झालं. मी तर दोन वेळा जेवते रे."

झेरॉक्सच्या रांगेतली माणसं बघायला लागली.

"मालन, तसं न्हाई ते," शामूदादा म्हणाला.

"मग कसं हाय? सांग. सुरुवात कुणाकडनं?"

उदय जिन्याकडं बघायला लागला.

"म्हंजे तुला वाटा पायजे," दादा शेवटी म्हणाला. "भावांच्यात वाटा मागणार तू. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मला दोन खोल्या पायजेत. एक देवाची, एक मशिनांची. मी कुठंतरी झोपेन."

दादा पुढं आठ महिने माझ्याशी बोलला नाही. पण व्यवहार मोडला नाही. हुक्केरी शेठ गाडीतून उतरले, सगळं ऐकून घेतलं आणि टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "तीन सह्या काय, चार सह्या काय. मला जागा मोकळी पायजे." पंधरा दिवसांनी खरेदीखत झालं आणि त्यावर विकणारे म्हणून चार नावं लागली. चौथं माझं.

माझ्या वाट्याच्या पैशातून मी दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. देव न्यायच्या दिवशी मी गुरवमामांना विचारलं, लेकीनं माहेरचे देव नेले तर चालतं का?

"मुंग्यांनी सांगितलंय की," मामा म्हणाले आणि टाक टोपलीत ठेवायला लागले.

शेवाळी साडी मी परत केली नाही. तिचे पडदे शिवले.

एकोणीस वर्षांत बरंच झालं. भाऊ बोलायला लागले. नवरात्रात तिघंही माझ्याकडं दर्शनाला येतात, बायका ओटी भरतात, पुरणपोळ्या जेवतात आणि नवरात्र करायला मालनच्या हाताची सर कुणाला नाही असं म्हणून आपापल्या घराला लावलेली कुलपं काढायला जातात. मी काही बोलत नाही. म्हणजे फार बोलत नाही.

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी सकाळी दिनकरदादा आला. एकटाच. लीलावहिनी जाऊन दोन वर्षं झाली होती. फ्लॅट विकून पोरांनी आपापली घरं केली होती, आणि दादा सहा महिने थोरल्याकडं, सहा महिने धाकट्याकडं असायचा. त्यानं देवाला नमस्कार केला आणि खुर्चीत बसला. पायाशी एक पिशवी होती, कपड्यांची. ती मी बघितली आणि माझ्या कपाळावर आठी आली. ती त्यानंही बघितली.

"थोरल्याकडं रंग द्यायलेत," तो म्हणाला. "धाकट्याकडं पाव्हणं आल्यात. आठ दिवस ऱ्हाऊ का गं?"

रंग. मला राग आला होता आणि कुणाचा आला होता ते नीट कळत नव्हतं. मी आत गेले, ज्योतिबाचा मुखवटा उचलला आणि त्याच्यासमोर पाटावर आणून ठेवला. परडीतली चाफ्याची एक पाकळी तांब्यात बुडवली आणि देवाच्या कपाळावर लावली.

"पडली तर ऱ्हा," मी म्हटलं.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माझा भाऊ गुडघ्यांवर हात ठेवून त्या पाकळीकडं बघत बसला. पंखा मी बंद केला होता.

"तवा माझा गूळ होता," थोड्या वेळानं तो म्हणाला. "लीलानं दिलावता. सकाळीच, कागदात बांधून."

"म्हाईत हाय मला."

"आज कायबी न्हाई." त्यानं दोन्ही तळहात उघडून मला दाखवले. "पडंल का गं?"

आत कुकरची शिट्टी होत होती. दोन वाजता मुलींचा क्लास होता, त्याच्याआधी आणखी एका माणसाचा भात टाकायचा होता. तासभर थांबायला वेळ कुणाला होता?

मी वाकले आणि फुंकर मारली.